ही उचल फेडायची कधी?

परवा रविवारी रात्री पावणेबारा वाजता आम्ही दोघं एक फॉर्म भरत होतो, मी इथे पुण्यात जेवणाच्या टेबलावर आणि तो केजच्या पुढे त्याच्या गावात, घरात रेंज येत नाही म्हणून अंगणात बाजेवर बसून. शेवटची तारीख त्याच दिवसाची होती, पण रेसिडेन्सी युरोपातली, त्यामुळे त्यांचे रात्रीचे बारा म्हणजे सध्या आपले पहाटेचे साडेतीन, तेवढाच आधार. रेसिडेन्सी म्हणजे कलाकाराला काही काळ राहून काम करायला बोलावतात ती, इथे तीन महिने राहायची जागा, छापखाना म्हणजे प्रिंटमेकिंगचा स्टुडिओ, जायचं-यायचं तिकीट आणि हातखर्चाला दर महिन्याला पैसे. त्या बदल्यात शेवटी एक ओपन स्टुडिओ करायचा, म्हणजे लोकांना आत बोलवून काय केलं ते दाखवायचं. बस. विकायची सक्ती नाही, चित्र त्यांना देऊन यायचं बंधन नाही.

मी सत्तावीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या बॅचेस केल्या, आणि निवृत्त झाल्यापासून हे एक काम करते, ओळखीतल्या तरुण आर्टिस्ट मुलामुलींना अर्ज लिहायला मदत. सुरुवात एका मुलीपासून झाली, मग तिने दुसऱ्याला सांगितलं, त्याने तिसऱ्याला. हा मुलगा असाच कुणाकडून तरी आला. जी.डी. आर्ट म्हणजे कलेचा डिप्लोमा झालाय, वुडकट करतो, म्हणजे लाकडाची फळी कोरून तिचा छाप काढतो. घरात प्रेस नाही, घ्यायची ऐपत नाही, म्हणून फळीवर शाई लावून वर कागद ठेवून स्टीलच्या चमच्याने पाठीमागून घासतो. एका प्रिंटला दोन दोन तास. फळ्यासुद्धा जुन्या, मोडलेल्या बैलगाडीच्या, त्यामुळे लाकडातल्या भेगा, खिळ्यांची भोकं सगळी छापात उतरतात आणि ती इतकी सुंदर दिसतात की मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा बराच वेळ काही बोललेच नव्हते.

आता अडलं कुठे तर आर्टिस्ट स्टेटमेंटवर, म्हणजे आपल्या कामाबद्दल आपणच लिहायचं असतं त्यावर. तीनशे शब्द, इंग्रजीत. मी त्याला म्हटलं तू फक्त बोल, मी लिहून घेते. तर तो बोलायला लागला. त्याचे आईवडील ऊसतोड कामगार, दिवाळी झाली की टोळीबरोबर निघायचे ते थेट उन्हाळ्यात परत. त्याने सांगितलं की आमच्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात मॅडम, मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, माणसावर नाही, दोन माणसं म्हणजे एक कोयता. म्हणून माझ्या प्रिंटमध्ये दोन माणसांना मिळून तीनच हात असतात, चौथा हात म्हणजे कोयता.

मी पेन खाली ठेवलं. आता हे इंग्रजीत कसं लिहायचं सांगा. कोयत्याला शब्द आहे हो, डिक्शनरीत सापडतो, पण नवरा-बायको दोघांना मिळून जो कोयता म्हणतात त्याला शब्द कुठून आणायचा? उचल म्हणजे ॲडव्हान्स असं लिहिलं की वाटतं कंपनीने पगार आधी दिला, त्यात जे गळ्याभोवती बसतं ते कुठेच येत नाही. शेवटी मी कोयता आणि उचल हे दोन्ही शब्द तसेच ठेवले, रोमन अक्षरांत, आणि पुढच्या वाक्यात अर्थ सांगितला. तीनशे शब्दांतले चाळीस त्यातच गेले. पण ते चाळीस शब्दच खरं स्टेटमेंट होतं असं मला अजून वाटतंय.

तेवढ्यात मागून त्याच्या वडिलांचा आवाज आला. ते शेजारच्या बाजेवर पडून सगळं ऐकत होते. म्हणाले, अरे पण बाईंना विचार, ही उचल फेडायची कधी?

तो हसला नाही, मीही नाही. कारण प्रश्न बरोबरच होता ना. आयुष्यभर ज्या माणसाच्या हातात एकरकमी पैसे आले ते फक्त उचल म्हणून आले, आणि त्या प्रत्येक वेळी पाठ मोडेपर्यंत ते फेडावे लागले, त्याला कुणीतरी परदेशातून पैसे देतोय आणि ते परत करायचे नाहीत हे पटणार कसं? मी म्हटलं, दादा, हे फेडायचं नसतं. ते म्हणाले, मग देतात कशाला?

तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही, फॉर्मची घाई होती. पण तीन दिवस तोच प्रश्न डोक्यात आहे, म्हणून हे लिहितेय.

देतात कशाला, तर मला पहिल्यांदा गायतोंडे आठवतात. चित्रकार वासुदेव गायतोंडे, मूळ गोव्याचे, जन्म नागपूरचा १९२४ चा, वाढले गिरगावात चाळीत, मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमधून १९४८ ला डिप्लोमा घेतला. हा माणूस अतिशय सावकाश काम करणारा, वर्षाला मोजकी चित्रं, त्यात माणसांत फारसं न मिसळणारा. अशा माणसाला बाजार काय देणार? १९६४ साली त्यांना रॉकफेलर फेलोशिप मिळाली आणि ते न्यूयॉर्कला गेले. जॉन डी. रॉकफेलर तिसरे यांनी १९६३ ला आशियातल्या कलावंतांसाठी एक फंड काढला होता, तो पुढे एशियन कल्चरल कौन्सिल झाला. त्याच वाटेने १९६५ ला अकबर पदमसी गेले, १९६८ ला तय्यब मेहता गेले. मुंबईच्या एकाच शाळेतली, एकमेकांच्या घरी चहा पिणारी ही माणसं, एकामागून एक.

आणि काय केलं त्यांनी तिथे? राहिले, म्युझियम बघितली, काम केलं. तय्यब मेहता परत आले आणि मग त्यांच्या कॅनव्हासवर ती तिरपी रेघ आली, आख्खं चित्र कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत चिरत जाणारी, जिच्यामुळे आपण आज त्यांचं चित्र लांबून ओळखतो. न्यूयॉर्कमधली ती मोठमोठी सपाट रंगाची चित्रं समोर उभं राहून बघितली नसती तर ती रेघ आली असती का, मला नाही वाटत. पुस्तकात पोस्टकार्डाएवढं छापलेलं चित्र आणि प्रत्यक्षात भिंतभर चित्र यात जमीन-अस्मानाचा फरक असतो, हे ज्यांनी फक्त छापील चित्रांवर शिक्षण घेतलंय त्यांना, म्हणजे माझ्या पिढीतल्या बहुतेकांना, चांगलंच माहितीय.

गायतोंड्यांचं म्हणाल तर त्यांना न्यूयॉर्कहून आल्यावर लगेच काही गाड्या-बंगले मिळाले नाहीत, दिल्लीत निजामुद्दीनला एका बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत राहिले, २००१ ला गेले. २०१३ च्या डिसेंबरमध्ये मुंबईत क्रिस्टीजच्या लिलावात त्यांचं एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेलं आणि २०१४ ला गुगनहाइम म्युझियमने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं, त्याच न्यूयॉर्कमध्ये, पन्नास वर्षांनी. पेपरात सगळीकडे २३ कोटीचा आकडा आला. मला त्या आकड्यापेक्षा १९६४ ची फेलोशिप मोठी वाटते, कारण २३ कोटीतला एक रुपयासुद्धा त्यांच्या हाताला लागला नाही, फेलोशिपचे महिने मात्र त्यांनी जगले. ज्या वेळी माणूस काम करतोय त्या वेळी मिळालेले पैसे वेगळेच असतात.

पदमसींची अजून एक गोष्ट मला फार आवडते. १९६९ ला त्यांना जवाहरलाल नेहरू फेलोशिप मिळाली, तर त्या पैशांतून त्यांनी नेपियन सी रोडला व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप म्हणून एक जागा चालवली, कॅमेरे होते, एचिंगची म्हणजे धातूच्या पत्र्यावरून छापायची प्रेस होती, आणि चित्रकार, फोटोग्राफर, सिनेमावाले सगळ्यांना दार उघडं ठेवलं, १९७२ पर्यंत. जे.जे.तून नुकत्याच बाहेर पडलेल्या नलिनी मलानींनी तिथे पहिल्यांदा फिल्म हाताळली. त्याच सुमारास फ्रेंच सरकारची स्कॉलरशिप मिळून त्या १९७० ते ७२ पॅरिसला होत्या. पुढे त्यांनी व्हिडिओ, सावल्या, फिरते सिलिंडर यातून जे काही केलं ते जगाने बघितलं, २०१९ ला जोआन मिरो प्राइज, २०२३ ला क्योतो प्राइज. म्हणजे एकाला मिळालेले पैसे त्याने एकट्याने खाल्ले नाहीत, त्यातून दुसऱ्याचं बी पेरलं गेलं. दादा विचारत होते ना फेडायची कधी, तर अशी फेडतात, पण देणाऱ्याला नाही, मागून येणाऱ्याला. हे मला रविवारी सुचायला हवं होतं.

बरं हे सगळं मुंबईतलं झालं, इंग्रजी येणाऱ्या, एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांचं. गावातल्या पोराचं काय? तर त्याला आधी कुणीतरी बघावं लागतं. अलिबागजवळ सासवणे आहे ना, तिथले शिल्पकार नानासाहेब करमरकर. लहानपणी देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचं चित्र काढलं होतं, ते ऑटो रॉथफिल्ड नावाच्या तेव्हाच्या कलेक्टरने पाहिलं, चौकशी केली हे कुणी काढलं म्हणून, आणि त्या मुलाला जे.जे.त पाठवायची व्यवस्था केली. पुढे तो मुलगा लंडनला शिकून आला आणि १९२८ ला पुण्यात श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमध्ये महाराजांचा जो अश्वारूढ पुतळा उभा राहिला तो त्याच्या हातचा, आख्खा पुतळा एकसंध ओतलेला. सासवण्याला त्यांच्या घरी अजून शिल्पं आहेत, अंगणात म्हैस बसलेली आहे सिमेंटची, मुलांना घेऊन नक्की जा. माझं म्हणणं एवढंच की इथे फॉर्म नव्हता. कलेक्टरने भिंत बघितली. आज फॉर्म आहे, दहा इमेजेस ३०० डीपीआय, सीव्ही, दोन रेफरन्स लेटर्स, प्रपोजल, बजेट, आणि भिंत बघायला कुणी येत नाही.

भिंतीवरून वारली चित्रांकडे आलंच पाहिजे. भास्कर कुलकर्णी हे नाव किती जणांना माहितीय? जे.जे.चा माणूस, वीव्हर्स सर्व्हिस सेंटर या विणकरांसाठीच्या सरकारी केंद्रात नोकरी. बिहारमध्ये १९६६-६७ चा दुष्काळ पडला तेव्हा हातमाग-हस्तकलेचं सरकारी काम बघणाऱ्या पुपुल जयकरांनी त्यांना मधुबनीला पाठवलं, भिंतीवर काढणाऱ्या बायकांना कागद द्यायचा, चित्रं विकत घ्यायची, दोन पैसे त्यांच्या हातात पडतील म्हणून. नंतर तेच भास्कर कुलकर्णी डहाणूकडे वारल्यांच्या पाड्यांवर गेले. तिथे लग्नाचा चौक काढायचं काम सवासिणींचं, गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, मधे पालघाट देवी. आणि गंजाडला एक पुरुष चित्रं काढत होता, लग्न असो नसो, रोज. जिव्या सोमा म्हसे. लहानपणी आई गेल्यावर बोलायचेच बंद झाले होते म्हणतात, मातीत रेघा काढून सांगायचे.

त्यांना १९७६ ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, मग बाहेरच्या जगाने बोलावणं सुरू केलं. २००३ ला जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या म्युझियममध्ये रिचर्ड लाँग आणि जिव्या सोमा म्हसे असं दोघांचंच प्रदर्शन झालं. रिचर्ड लाँग म्हणजे ब्रिटनचा मोठा कलाकार, मैलोन् मैल चालतो आणि चालण्याच्या रेघा, दगडांची वर्तुळं हेच त्याचं काम, चिखल हातांनी भिंतीला लावतो. किती बरोबर जोडी लावली होती बघा, एक रेघेत चालणारा आणि एक रेघेत नाचणारा. आणि नावाची पाटी दोघांची सारखी. ‘भारतीय आदिवासी कला’ अशी एकत्र मोट बांधून कोपऱ्यात नाही लावलं, एक माणूस, त्याचं नाव, त्याचं काम. २००९ ला नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार मिळाला, २०११ ला पद्मश्री, २०१८ ला गेले. पुरस्कारांचा क्रम बघा, डचांचा आधी आणि पद्मश्री नंतर. मला याचं वाईट वाटतं आणि ते मी लपवणार नाही.

पण परदेशी बोलावणं म्हणजे सगळं चांगलंच असंही नाही. जनगढ सिंह श्याम, मध्य प्रदेशातल्या पाटणगढचे गोंड कलाकार, ज्यांना चित्रकार जे. स्वामीनाथनांनी भोपाळच्या भारत भवनात आणलं, १९८९ ला पॅरिसच्या ‘मॅजिसिएन द ला तेर’ या प्रदर्शनात ज्यांची चित्रं लागली, ते २००१ साली जपानमध्ये एका म्युझियमच्या बोलावण्यावरून राहायला गेले होते, आणि तिथेच त्यांनी आयुष्य संपवलं. त्याबद्दल बरंच बोललं, लिहिलं गेलंय, मी इथे कुणाकडे बोट दाखवायला बसले नाहीये. पण घरापासून इतकं लांब, भाषा येत नाही, आजूबाजूला आपलं बोलणारं माणूस नाही, हे विचारात घेतल्याशिवाय मी आता कुणाचाही फॉर्म सबमिट करत नाही. फॉर्म भरायच्या आधी प्रत्येकाला तेच विचारते. तिथे बोलायला कोण आहे, मधेच परत यावंसं वाटलं तर तिकिटाचा खर्च कोण करणार, पासपोर्ट तुझ्याच जवळ राहणार ना, घरी रोज फोन होईल ना. आणि आता नवीन सुरू केलंय, त्या रेसिडेन्सीत आधी राहून आलेल्या एखाद्या भारतीय आर्टिस्टला शोधायचं आणि सरळ मेसेज करायचा, तुमचा अनुभव काय. आजवर सगळ्यांनी उत्तर दिलंय, अगदी मोठ्या नावांनीसुद्धा.

आता एक गोष्ट रागाने लिहिते. छोट्या शहरांतल्या मुलांना ईमेल येतात, अभिनंदन, तुमची निवड आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठी झाली आहे, पॅरिस, दुबई, बँकॉक, सर्टिफिकेट मिळेल, मेडल मिळेल, फक्त सहभाग शुल्क अमुक हजार. माझ्या ओळखीतल्या एका मुलीच्या आईने त्यासाठी बांगडी गहाण ठेवली होती. प्रदर्शन झालं म्हणे, एका हॉटेलच्या बँक्वेट हॉलमध्ये दोन दिवस, भिंतभर चित्रं एकाला एक चिकटून, फोटो आला मोबाइलवर, तिचं चित्र आडवं लावायचं ते उभं लावलं होतं. ती मुलगी त्यानंतर वर्षभर काही काढत नव्हती. माझ्याकडे नियम एकच आहे, जो कलाकाराकडून पैसे मागतो त्याच्या वाटेला जायचं नाही. काही चांगल्या ठिकाणी अर्जाची छोटी फी असते हे खरं, पण ती अर्जाची, निवड झाल्याची नाही. निवड झाल्यावर पैसे मागितले की समजायचं निवड झालीच नव्हती, गिऱ्हाईक शोधलं होतं.

आणि खरोखर निवड होते तेव्हा पुढे जी लढाई असते ती कुठल्याच कॉलेजात शिकवत नाहीत. उदाहरणार्थ पेटी. चित्र परदेशी पाठवायचं तर लाकडी पेटीला उष्णता देऊन कीड मारल्याचा शिक्का लागतो, आयएसपीएम १५ म्हणतात त्याला, गव्हाच्या कणसासारखं चिन्ह असतं, ते नसेल तर तिकडच्या बंदरावर अडकते. सुताराकडून घरच्या फळ्यांची पेटी करून घेतली तर शिक्का कुठून येणार? प्लायवूडला तो लागत नाही, म्हणून सरळ प्लायची पेटी करा. नाहीतर सगळ्यात उत्तम म्हणजे कॅनव्हास फ्रेमवरून उतरवा, हार्डवेअरच्या दुकानातून जाड पीव्हीसी पाइप आणा, जितका रुंद मिळेल तितका, आणि रंग बाहेरच्या बाजूला ठेवून गुंडाळा. लोक आतल्या बाजूला ठेवतात आणि मग रंगाला सुरकुत्या पडतात. परत यायचं असेल काम तर जातानाच कागदावर तसं लिहा, नाहीतर आपलंच चित्र परत आणताना कस्टमवाले आयात म्हणून बघतात. आणि जुन्या फळ्या, जुनी वस्तू वापरलेली असेल तर वयाचा प्रश्न येऊ शकतो, १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपेक्षा जुनी कलावस्तू देशाबाहेर नेता येत नाही, त्यामुळे ती तेवढी जुनी नाही असा पुरातत्त्व खात्याचा दाखला मागतात कधी कधी. या पोराच्या बैलगाडीच्या फळ्या एवढ्या जुन्या नाहीत, आणि तसंही फळ्या घरीच राहतील, जाणार कागद.

व्हिसाचं दुःख तर वेगळंच. एका मुलाला रेसिडेन्सीचं पत्र, राहायची हमी, स्टायपेंड, सगळं लेखी होतं, तरी व्हिसा नाकारला, कारण त्याच्या स्वतःच्या खात्यात सहा महिन्यांत मोठी रक्कम दिसत नव्हती आणि इन्कम टॅक्स रिटर्न नव्हते. ज्याच्याकडे पैसे नाहीत म्हणूनच त्याला ग्रँट दिलीय, त्याच्याकडे पैसे नाहीत म्हणून जाऊ देत नाहीत. फीसुद्धा परत मिळाली नाही. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, उत्पन्न कितीही कमी असू दे, शून्य असू दे, रिटर्न भरायला लागा, आत्तापासून.

कुठे अर्ज करायचा हे बरेच जण विचारतात म्हणून मला माहिती असलेलं थोडं. दिल्लीचं खोज, ही कलाकारांची संस्था १९९७ पासून आहे, कॉलेजमधून नुकतेच बाहेर पडलेल्यांसाठी त्यांची पीअर्स नावाची रेसिडेन्सी असते, परदेशाच्या आधी ही करा, स्टुडिओत दुसऱ्या कलाकारांसोबत राहायची सवय होते. इनलॅक्सचे फाइन आर्ट अवॉर्ड्स आहेत तरुणांसाठी. ब्रिटनला जायचं असेल तर चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट, या वॉलेस साहेबांनी पैसा कलकत्त्यात कमावला, १९१६ ला वारले, आणि त्यातून १९८१ ला ट्रस्ट झाला, इथलाच पैसा इथल्याच मुलांना, मला हे फार बरं वाटतं. केरळात कोची बिएनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं कलाप्रदर्शन, सुरू करणारे बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू दोघंही जे.जे.चे, तिथे स्टुडंट्स बिएनाले असतं, मुलांनी ते सोडू नये, कारण जग तिकडे जायच्या आधी जग तिथे येतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, बेंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स. १९९५ पासून ग्रँट्स देतात आणि प्रपोजल कुठल्याही भारतीय भाषेत चालतं. मराठीत चालतं! हे मी मुलांना सांगते तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. एका मुलीने मला दोनदा विचारलं, खरंच मराठीत? मग तिने जे लिहून आणलं ते नऊ पानं होतं आणि त्यातलं एक वाक्य मला बदलावंसं वाटलं नाही. हीच मुलगी इंग्रजीत तीन ओळींच्या पुढे जात नव्हती. म्हणजे विचार नव्हता असं नाही, दार चुकीच्या भिंतीत होतं. परदेशी संस्थांनासुद्धा हे जमू शकतं, अर्ज मराठीत, तमिळमध्ये, गोंडीत बोलून रेकॉर्ड केलेला घ्या, भाषांतराचा खर्च तुम्ही करा, तिकिटाचा करताय तर एवढा का नाही. कोयता शब्दाचा अर्थ समजून घ्यायची जबाबदारी अर्ज करणाऱ्या एकट्याची का असावी?

देवाणघेवाण म्हणतो आपण, तर घेवाणही इथे यावी. जव्हारला बोहाड्याचे, म्हणजे देवादिकांची सोंगं घेऊन नाचायच्या उत्सवाचे मुखवटे करणारी माणसं आहेत, कागदाच्या लगद्याचे. फोटोग्राफर गौरी गिल यांनी तिथल्या कडू बंधूंना आणि गावकऱ्यांना सोबत घेऊन देवादिकांऐवजी रोजच्या जगण्याचे मुखवटे करवले, मोबाइल, टीव्ही, साप, म्हातारी माणसं, आणि ते घालून गावातच फोटो काढले. ते काम २०१७ ला डॉक्युमेंटा १४ या मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात गेलं, नंतर न्यूयॉर्कला. गंजाडच्या राजेश वांगड यांच्यासोबतही त्यांनी असंच केलं, त्यांच्या फोटोवर वांगडांनी वारली रेघांनी गावाचा इतिहास काढला, खाली नाव दोघांचं. मला हे पटतं. बाहेरचा माणूस आला, वर्षानुवर्षं येत राहिला, नाव वाटून घेतलं. महिनाभर आला, फोटो काढले आणि गेला, ते नको.

तर फॉर्म. पहाटे दोन पंचवीसला सबमिट झाला. मधे एकदा त्याची रेंज गेली आणि सगळ्या इमेजेस परत अपलोड कराव्या लागल्या, एकेक आठ एमबीची, तो फोन हातात धरून गोठ्याच्या छपरावर चढला होता म्हणे. थँक यूचा मेल आला तेव्हा त्याने मला स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली लिहिलं, मॅडम झालं.

निकाल नोव्हेंबरात आहे. तोपर्यंत टोळ्या निघालेल्या असतील, यंदा आईची कंबर धरलीय म्हणून वडिलांच्या जोडीला कोयत्यावर हा जाणार आहे, ऑनलाइन काही आलं तर फडावर रेंज असेल का माहीत नाही, म्हणून ईमेलचा पासवर्ड माझ्याकडे देऊन ठेवलाय, रोज सकाळी एकदा बघायचं ठरलंय. मी वडिलांना काल परत फोन केला आणि पदमसींची गोष्ट सांगितली, की एकाने मिळालेल्या पैशातून दहा जणांना दार उघडं ठेवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, गावात चित्र काढणारी अजून दोन पोरं आहेत, याला मिळालं तर त्या छापायच्या मशीनचं बघा म्हणावं.

प्रेसची किंमत विचारायला मी उद्या सकाळी बुधवार पेठेत जाणार आहे. सेकंडहँड एचिंग प्रेस कुणाकडे पडून असेल, कॉलेजने काढून टाकलेली, गंजलेली चालेल, तर खाली कॉमेंटमध्ये लिहा, आणायचा टेम्पो मी करते.